घरच्या संगणकावरील लिनक्स : मांडणी, बंदोबस्त आणि वेग

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला, आणि पुढच्या आवृत्तीसाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर अनिवार्य ठरवलेला असल्यामुळे, ज्यांच्या अंगी यांत्रिक दोष असा काहीच नव्हता असे असंख्य घरगुती संगणक केवळ एका तारखेच्या जोरावर निकालात निघाले. अशा यंत्रांच्या मालकांनी नवे यंत्र घ्यावे, मुदतवाढीच्या अपडेटवर एखादे वर्ष काढावे, किंवा लिनक्स बसवावे; आणि हा शेवटचा मार्ग जे पत्करतात त्यांची पहिली गाठ पडते ती सल्लागारांशी. अमुक हुकूम द्या, तमुक सेवा बंद करा, या फाइलीत ही ओळ घाला म्हणजे संगणक वाऱ्याच्या वेगाने धावू लागेल, अशा या सल्ल्यांत मांडणी, संरक्षण आणि वेग ही तीन स्वतंत्र खाती मानलेली असतात आणि प्रत्येकासाठी निराळी पाठ करण्याजोगी कृती दिलेली असते. या विषयाची गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील वाटचाल ध्यानात घेता ही विभागणी मला मान्य करवत नाही. आपल्या यंत्रावर काय चालू आहे, ते कोणाच्या परवानगीने चालू आहे आणि त्याची आपल्याला गरज आहे काय, या तीन बाबींची चौकशी एकदा नीट केली की वेगाचा, सुरक्षिततेचा आणि व्यवस्थेचा निकाल बहुतांशी एकदमच लागतो. आणि ती चौकशी न करता केलेला कोणताही उपाय तीनही ठिकाणी नुकसान करू शकतो.

लिनक्स हे नाव आपण सैलपणे वापरतो. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली व त्यातून कंपायलर, संपादक आणि लहानमोठी अवजारे निर्माण झाली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने कर्नल लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. पडद्यावर खिडक्या रेखाटणारे मंडळ निराळे, डेस्कटॉपची रचना करणारे निराळे, ध्वनी व नेटवर्क सांभाळणारे आणखी निराळे. हा सर्व संयुक्त कारभार एका सूत्रात बांधून आपल्या हाती देणारी व्यवस्था म्हणजे डिस्ट्रो : १९९३ साली स्थापन झालेले डेबियन, त्याच्या पायावर २००४ मध्ये उभे राहिलेले उबुंटू, २००३ चे फेडोरा, २००६ चे मिंट, आणि इतर कित्येक. सर्वांत परिणामकारक मांडणी घरमालक करतो ती डिस्ट्रो निवडण्याच्या क्षणी, आणि नेमकी हीच निवड तो वॉलपेपर पाहून करतो. कोणत्या सेवा आपोआप सुरू होतील, दुरुस्त्या किती दिवसांनी येतील, फायरवॉल चालू असेल की नाही, हे सर्व त्या निवडीतच ठरून गेलेले असते. उबुंटूत फायरवॉल असते, परंतु बंद असते, कारण मुळात बाहेरून कोणी ठोठावेल असे दार उघडे ठेवायचेच नाही असे त्यांचे धोरण; फेडोरात ती चालू असते, परंतु तिच्या डेस्कटॉप आवृत्तीत १०२४ च्या वरचे पोर्ट मुक्त ठेवलेले असतात, कारण सामान्य वापरकर्त्याला पदोपदी अडवू नये असे त्यांचे मत. दोन्ही पक्षांना आपापली बाजू आहे. मात्र आपण कोणत्या पक्षात सामील झालो हे वापरणाऱ्याला ठाऊक असावे. फार जुन्या यंत्रांच्या मालकांनी आणखी एक बाब पाहून घ्यावी : ३२-बिट प्रोसेसरवर प्रणाली बसवण्याची सोय उबुंटूने केव्हाच बंद केली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून तेथेही ती उरलेली नाही.

मांडणी या शब्दाने एके काळी जो धाक वाटे त्याला सबळ कारण होते. १९९० च्या दशकात पडद्यावर चित्र उमटावे म्हणून मॉनिटरच्या आडव्या-उभ्या वारंवारितेचे आकडे हाताने फाइलीत लिहावे लागत, आणि आकडा चुकल्यास मॉनिटर कायमचा बिघडू शकेल असा इशारा माहितीपत्रकांतून गंभीरपणे दिलेला असे. पुढे वाय-फाय आले तेव्हा अनेक कार्डांसाठी विंडोजचाच ड्रायव्हर एका दुभाष्याच्या मध्यस्थीने चालवण्याची कसरत करावी लागे. आज बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात. अडचण शिल्लक आहे ती ज्यांचा मूळ मसुदा उत्पादक प्रसिद्ध करीत नाहीत अशा फर्मवेअरची आणि काही ग्राफिक्स कार्डांची. या बाबतीत मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाला घट्ट धरून राहिलेल्या डेबियनच्या सभासदांनी २०२२ च्या शरद ऋतूत मतदान घेऊन असे बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालण्यास मान्यता दिली, व जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते अमलात आले. तत्त्वाशी ही तडजोड झाली असे म्हणणारे आहेत. परंतु ज्या इन्स्टॉलरला नेटवर्कच सापडत नाही तो घेऊन बसलेला मनुष्य अखेर शेजाऱ्याकडून बंदिस्त प्रणालीची नक्कल आणतो, हे ध्यानात घेता मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

लिनक्सच्या मांडणीतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिचे दप्तर उघडे आहे. जवळजवळ सर्व व्यवस्था 'ईटीसी' नावाच्या एका फोल्डरात आणि वैयक्तिक आवडीनिवडी ज्याच्या त्याच्या होम फोल्डरात, साध्या वाचनीय मजकुराच्या फाइलींत नोंदलेल्या असतात. त्यांची नक्कल काढून ठेवता येते, कालची आणि आजची प्रत शेजारी ठेवून फेरफार ओळखता येतो, आणि नव्या यंत्रावर तीच मांडणी उचलून नेता येते. हे दप्तर बिघडते ते बहुधा परकी पॅकेजे घुसल्यामुळे. डिस्ट्रोच्या भांडारातून आलेल्या प्रत्येक फाइलीची नोंद पॅकेज व्यवस्थापकाकडे असते. ती कोणी आणली, कशासाठी आणली आणि काढली तर आणखी काय मोडेल, हे तो सांगू शकतो. कुठल्याशा पानावरून उतरवून घेतलेला हुकूम सर्वाधिकार देऊन टर्मिनलात चिकटवला, किंवा मूळ मसुदा स्वतः कंपाइल करून परस्पर बसवला, की त्या फाइली बेवारस होतात : अपडेट त्यांना स्पर्श करीत नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि दोन वर्षांनी आवृत्ती बदलताना त्या कोठेतरी आडव्या येतात. स्नॅप आणि फ्लॅटपॅक या नव्या पद्धतींनी प्रत्येक ॲपला स्वतःचा शिधा बांधून देऊन ही भांडणे पुष्कळशी मिटवली, त्याची किंमत डिस्कवरील जागेने आणि कधी कधी ॲप उघडण्याच्या विलंबाने भरावी लागते. ज्या ॲपची नवी आवृत्ती खरोखरच हवी आहे तेवढ्यापुरती ती द्यावी.

आता बंदोबस्ताकडे वळू. लिनक्सवर व्हायरस येत नाहीत, ही समजूत इतकी दृढ आहे की पुष्कळांच्या दृष्टीने संरक्षणाचा विषय तेथेच संपतो. या समजुतीला आधार दिला जातो तो अधिकारविभागणीचा : सर्वाधिकार 'रूट' या एकाच मुखत्याराकडे, इतरांनी आपापल्या मर्यादेत राहावे, आणि गरज पडल्यास 'सुडो' म्हणून तात्पुरती मुखत्यारी मागून घ्यावी. ही विभागणी उत्तम आहे, परंतु ती युनिक्सच्या काळातील आहे, जेव्हा एक महागडा संगणक विद्यापीठातील अनेक जण वाटून घेत आणि एकाच्या खोडसाळपणापासून इतरांना व यंत्राला वाचवणे हा मुख्य प्रश्न असे. घरच्या संगणकावर परिस्थिती उलटी असते. तेथे प्रणाली तासाभरात पुन्हा बसवता येते. मोलाचे जे असते, म्हणजे बँकेचे लॉगिन, कुटुंबाची छायाचित्रे, सात-बाराच्या स्कॅन केलेल्या प्रती, ते सारे सामान्य वापरकर्त्याच्याच फोल्डरात, त्याच्याच अधिकाराने चालणाऱ्या प्रत्येक ॲपला वाचता येईल असे पडलेले असते. वाड्याच्या दिंडीदरवाजाला अडसर घालावा आणि माजघरातली दागिन्यांची पेटी उघडी ठेवावी, तशातला हा प्रकार. १९८७ पासून चालत आलेल्या एक्स-११ या चित्रव्यवस्थेत तर एका खिडकीत टाइप केलेली अक्षरे दुसऱ्या ॲपला बिनदिक्कत ऐकू जातात. २००८ मध्ये आरंभ झालेल्या वेलँडने ही वाट बंद केली, आणि केवळ या एका कारणास्तव, त्याच्या बारीकसारीक गैरसोयी सोसूनही, जेथे उपलब्ध असेल तेथे वेलँडच निवडावे असे मी म्हणेन. ॲपांना त्यांच्या कामापुरतेच कुंपण घालणारी व्यवस्था, म्हणजे फेडोरात एसईलिनक्स आणि उबुंटूत ॲपआर्मर, आधीपासून चालू असते. काही अडले की ती बंद करून टाका, असा सल्ला मिळेल. तो देणाऱ्यास तुमच्या यंत्राची जबाबदारी घ्यावयाची नसते.

बाहेरच्या आक्रमणाची भीती घरगुती वापरकर्त्याला वाटते तितकी नसते, कारण तो राउटरच्या आड असतो आणि ज्याच्यावर कोणतीही सेवा ऐकत बसलेली नाही अशा यंत्राला फायरवॉलने वाचवण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून आधी कोणकोणती पोर्ट उघडी आहेत याची यादी पाहावी, अनावश्यक सेवा काढून टाकावी, आणि मग फायरवॉल चालू करावी. एसएसएचने बाहेरून प्रवेश ठेवणे अटळच असेल तर पासवर्डाऐवजी किल्लीच्या जोडीने ठेवावा आणि रूटला थेट प्रवेश देऊ नये. लॅपटॉप असेल तर इन्स्टॉल करतानाच संपूर्ण डिस्कचे एन्क्रिप्शन निवडावे, कारण चोरट्याच्या हाती गेलेल्या यंत्राचा पासवर्ड पेनड्राइव्हवरून प्रणाली सुरू करून सहज बाजूला सारता येतो. मात्र एन्क्रिप्शनचा सांकेतिक शब्द विसरलेल्याची फिर्याद ऐकणारे न्यायालय अस्तित्वात नाही. अँटिव्हायरसची गरज ज्यांना विंडोजवाल्यांकडे फाइली पाठवायच्या असतात त्यांनाच प्रामुख्याने पडते.

खरा धोका समोरच्या दाराने, विश्वासाने येतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या संकेतस्थळात शिरून कोणी दुव्याची अदलाबदल केली आणि त्या दिवशी डिस्ट्रो उतरवून घेणाऱ्यांच्या हाती चोरवाट ठेवलेली प्रत पडली. ज्यांनी उतरवलेल्या फाइलीचा चेकसम आणि सही पडताळून पाहिली असती त्यांना ती ओळखता आली असती, परंतु हा पाच मिनिटांचा विधी किती जण करतात? त्याहून बोधप्रद प्रकरण डेबियनचे. २००६ मध्ये ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या पॅकेजात, तपासणीच्या एका अवजाराने दाखवलेला इशारा शमवावा या सद्हेतूने, दोन ओळी निष्क्रिय करण्यात आल्या, आणि त्यामुळे किल्ल्या घडवण्यासाठी लागणारी यदृच्छा जवळजवळ संपुष्टात येऊन प्रत्येक प्रकारच्या यंत्रावर व लांबीवर अवघ्या ३२,७६८ किल्ल्यांचा संच शक्य राहिला. मसुदा उघडा होता, वाचण्यास कोणालाही मज्जाव नव्हता, तरी ही गोष्ट उघडकीस यावयास मे २००८ उजाडला. उघडा मसुदा आपोआप सुरक्षित होतो असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण आणि त्यानंतरचे २०१४ मधले हार्टब्लीड व शेलशॉक हे दोष विसरू नयेत; तथापि दोष सापडल्यावर दुरुस्ती तत्काळ आणि सहीनिशी घरोघर पोचते, हाही तितकाच मोठा गुण आहे, आणि तो पदरात पाडून घेण्यासाठी वापरकर्त्याला स्वयंचलित अपडेट चालू ठेवण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

वेगाच्या शास्त्रात श्रद्धेचा भाग मोठा आहे. २००५ च्या सुमारास लिहिलेले उपाय आजही हातोहात फिरतात : डिस्कवर फाइल वाचल्याची वेळ नोंदवणे बंद करा, असे सांगितले जाते, परंतु २००९ पासून कर्नल ती नोंद मुळातच क्वचित करतो, डिस्कचा अमुक शेड्युलर निवडा, असे सांगितले जाते, परंतु ज्या जुन्या पिढीतला तो होता ती २०१९ च्या ५.० आवृत्तीत हद्दपार झाली. 'स्वॅपिनेस' नावाचा ६० हा आकडा १० करावा, हा तर मंत्रच होऊन बसला आहे. रॅम पुरेशी असेल तर या फेरफाराने काही जाणवत नाही, आणि रॅम अपुरी असेल तर खरा उपाय ती वाढवणे, अथवा निदान झेडरॅम लावून स्मृतीतच संकुचित स्वॅप ठेवणे हा आहे. फेडोराने २०२० मध्ये तो स्वतःच रूढ केला. जुन्या यंत्रावर फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो त्याची बरोबरी कोणताही हुकूम करू शकत नाही. त्याखालोखाल फरक पडतो तो एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप घेतल्याने. आणि त्यानंतर ब्राउझरमधले चाळीस टॅब मिटण्याची तयारी असल्यास.

यापुढे काही करायचे असेल तर आधी मोजावे. बूट होण्यास कोणत्या सेवेने किती वेळ खाल्ला याची उतरती यादी 'सिस्टमडी-ॲनालाइझ' एका क्षणात देतो. २००८ मध्ये इंटेलच्या दोन अभियंत्यांनी ईईई पीसीसारख्या किरकोळ लॅपटॉपवर लिनक्स पाच सेकंदांत सुरू करून दाखवले. अमुक सेकंद कमी करू असे न म्हणता त्यांनी एकंदर पाच सेकंदांचे अंदाजपत्रक कर्नल, सेवा आणि डेस्कटॉप यांना वाटून दिले, आणि ज्याला आपल्या वाट्यात बसता येईना त्याला वगळले किंवा दुरुस्त केले.

वेगाचा ध्यास घेतलेल्यांत एका भूलतज्ज्ञाचे नाव घेतल्यावाचून हा आढावा अपुरा राहील. ऑस्ट्रेलियातील कॉन कोलिव्हास यांचा व्यवसाय शस्त्रक्रियागृहातला. कर्नलच्या कर्त्यांना मोठ्या सर्व्हरांची फिकीर अधिक आणि घरात गाणे ऐकत टाइप करणाऱ्याची कमी, असे वाटून त्यांनी स्वतः सी भाषा शिकून प्रोसेसरचा वेळ ॲपांत न्याय्य रीतीने वाटणारा शेड्युलर लिहिला. २००७ मध्ये कर्नलने न्याय्य वाटणीचे तत्त्व स्वीकारले, परंतु इंगो मोलनार यांनी लिहिलेल्या निराळ्या रचनेत. कोलिव्हासांचा उल्लेख श्रेयात झाला, त्यांची रचना बाहेर राहिली, आणि ते खिन्न होऊन दूर झाले. दोन वर्षांनी ते आणखी एक शेड्युलर घेऊन परतले, तोही मुख्य प्रवाहाबाहेरच राहिला. मोलनारांची रचना सोळा वर्षे चालून २०२३ मध्ये ६.६ आवृत्तीत तिच्या जागी नवी आली. हौशी मंडळी आजही वेगळे घडवलेले कर्नल बसवतात. सामान्य घरात त्यांचा लाभ नगण्य असतो आणि प्रत्येक सुरक्षा-दुरुस्तीसाठी दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहावे लागते, हा तोटा मात्र पक्का.

वेग आणि बंदोबस्त यांचा उघड तंटा जानेवारी २०१८ मध्ये झाला. प्रोसेसरांनी वर्षानुवर्षे जो वेग मिळवला होता त्याचा काही भाग पुढचा हुकूम आधीच अंदाजाने राबवण्यातून आला होता, आणि मेल्टडाउन व स्पेक्टर या दोषांनी दाखवून दिले की त्या अंदाजाच्या खुणांवरून परक्याची स्मृती वाचता येते. कर्नलने बंधारे घातले, त्यांनी काही कामे मंदावली, आणि २०१९ पासून हे सर्व बंधारे एका शब्दाने उठवण्याचा पर्यायही देण्यात आला. जुन्या इंटेल यंत्रांच्या मालकांना तो वरचेवर सुचवला जातो. नेटवर्कपासून तोडलेल्या यंत्रावर तो वापरण्यास माझी हरकत नाही. परंतु ज्या यंत्रावर ब्राउझर दिवसभर अनोळखी संकेतस्थळांचा जावास्क्रिप्ट चालवतो तेथे चार-दोन टक्क्यांसाठी ही सवलत घेणे अविचाराचे होय.

आणि हा तंटा नेहमीचाच आहे असेही समजू नये. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याने जाहीर केले की एक्सझेड या फाइली दाबून ठेवण्याच्या साध्या पॅकेजाच्या ५.६.० व ५.६.१ आवृत्त्यांत चोरवाट आहे. जिया टॅन हे नाव धारण केलेल्या कोणी व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ सालसपणे मदत करून, ते पॅकेज एकट्याने सांभाळून थकलेल्या लेखकाचा विश्वास संपादन केला होता. एसएसएचच्या सर्व्हरला वास्तविक एक्सझेडशी काही कर्तव्य नव्हते; परंतु काही डिस्ट्रोंनी तो सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या सिस्टमडीला जोडण्यासाठी एक ठिगळ लावले होते, सिस्टमडीच्या लायब्ररीने एक्सझेडची लायब्ररी ओढून आणली, आणि त्या अनवधानाच्या साखळीतून चोरवाट थेट दारवानापर्यंत पोचली. फ्रॉइंड यांना संशय आला तो मोजमाप करताना : लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत होता आणि प्रोसेसर विनाकारण तापत होता. चोरवाट चाचणीच्या आवृत्त्यांपलीकडे फारशी पसरण्याआधीच ती सापडली. अनावश्यक जोडणी मांडणीतली, तिचा फायदा घेणारा दोष सुरक्षिततेचा, आणि त्याचा माग लागला तो वेगाच्या मापनातून. मेल्टडाउनच्या तंट्याने या तीन खात्यांना जितके दूर नेले असेल तितकेच या प्रकरणाने त्यांना एका दप्तरात आणून ठेवले.

मराठी घरात या सर्वांहून निराळी एक अडचण उभी राहते. देवनागरी टाइप करण्यासाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्सवर मिळतो, लोहित आणि नोटो हे फॉन्ट बहुतेक डिस्ट्रोंत असतात, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डेबियनच्या पायावर 'बॉस' नावाची स्वतंत्र डिस्ट्रोही काढली आहे. घोडे अडते ते जुन्या दप्तरावर. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांचे लेख, वकिलांचे मसुदे यांतला वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टांत बांधलेला आहे. तो फॉन्ट गेला की उरते ती रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग. अशा घरांनी विंडोज पुसून टाकण्यापूर्वी, जुने यंत्र अजून ते फॉन्ट दाखवत असताना, हा मजकूर कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडात आणावा, आणि रूपांतर झालेल्या प्रती छापील मूळ प्रतींशी निदान नमुन्यादाखल ताडून पाहाव्यात. 'दऱ्या', 'वाऱ्या' यांतील रफार-सदृश अर्धा र आणि 'ॲ' हे अक्षर (ज्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्येच मिळाले) येथे कन्व्हर्टर हमखास चुकतात, आणि ती चूक शब्दशोधकाच्या नजरेतून निसटते. तपासून झालेल्या प्रतींचा एक संच बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क यंत्रापासून वेगळी ठेवावी, दुसरा संच घराबाहेर कोणा नातलगाकडे ठेवावा, आणि मगच इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लावावा.